आधी खून, मंग खून

घरत सर बेल वाजवून कधी दारासमोर उभे राहायचे नाहीत. बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे. आपण दार उघडावं तर समोर कुणीच नाही, आणि मग डावीकडून आवाज, "मॅडम, कोन हाय ते न इचारताच दार उघडला तुमी. मी कोनी बी असू शकलो असतो." वाटीभर साखर मागायला आलेला माणूस हे बोलतोय! पहिल्यांदा मी एवढी दचकले की हातातलं लाटणं पडलं. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून आतून ओरडले, "कोण आहे?" तर बाहेरून उत्तर आलं, "आता बरोबर. पन मी जो नाव सांगीन त्याच्यावर तुमचा इस्वास कसा बसंल?" आता बोला!

जनार्दन घरत हे त्यांचं नाव. उलव्यात आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. धंदा रहस्यपट लिहिण्याचा. त्यांचे दोन सिनेमे झाले होते. एक बऱ्यापैकी चालला, दुसरा निर्मात्यासकट गायब झाला. त्यानंतर सरांनी रविवारी सकाळी पटकथेचा क्लास सुरू केला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. एरवी तिथे दहावीच्या मुलांची शिकवणी चालायची. मी ऐरोलीला एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारींची उत्तरं टाइप करणारी बाई. म्हटलं, रविवारी तरी कुणाचा तरी मुडदा पाडू या. म्हणून नाव घातलं.

संशय हा सरांचा स्वभाव होता की धंदा, हे मला कधी कळलं नाही. जिना चढताना प्रत्येक दारासमोरच्या चपला बघायचे आणि कुणाकडे कोण आलंय ते सांगायचे. रिक्षात बसले की रिक्षावाल्याच्या आरशात आपला चेहरा दिसणार नाही असे कोपऱ्यात सरकायचे. अॅपवरची टॅक्सी त्यांना वर्ज्य होती. का, तर बसल्यावर ड्रायव्हर ओटीपी मागतो. "बँक बोलते ओटीपी कोनाला सांगू नका, आनि हा अनोलखी मानूस पयल्या मिनिटाला तोच मागतो. काय समजायचा?" निर्मलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "यांच्यापायी मी कुठं बी यष्टीनं जाते," म्हणायच्या.

बरं, नुसताच वेडेपणा असता तर हसून सोडून दिलं असतं. पण हा माणूस बरोबर निघायचा ना! आमच्या समोरच्या इमारतीत निम्मे फ्लॅट गुंतवणूकवाल्यांचे, रिकामे. त्यातल्या एका गॅलरीत रोज टॉवेल वाळत असायचा. सर म्हणाले, या घरात कुणी राहत नाही. मी म्हटलं, अहो टॉवेल आहे की. तर म्हणाले, "तोच तं! हिरव्या पट्ट्यांचा टावेल, महिना झाला, एकाच चिमट्याला, एकाच घडीत. मानूस कितीबी आलशी असला तरी अंग पुसतो." मालक पुढे कधीतरी आला तेव्हा कळलं, घरात कुणी आहे असं चोरांना वाटावं म्हणून त्याने टॉवेल टांगला होता. सर आठवडाभर कॉलर ताठ करून फिरले. मी मात्र तेव्हापासून नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकताना आधी नाकाशी नेऊ लागले. नितीन बिचारा सरळमार्गी. पण सरळमार्गी दिसणाऱ्यांवरच आधी नजर ठेवा, असं सर शिकवायचे.

शिकवायचे मात्र झकास. "संशयाचा सिनेमा मंजे भाताची शेती," ते म्हणायचे. "आमच्या आगरात भात एका जागी पेरतात, रोप वीतभर झाला का उपटून दुसरीकडं लावतात. गोष्टीत बी तसा करा. जो पेराल तो तिथंच उगवला तं प्रेक्षक बोलंल, हे तं मना म्हाईत होता." प्रेक्षकाला भलत्याच माणसाच्या मागे लावण्याला आपण लोक इंग्रजी शब्द वापरतो, सर त्याला चकवा म्हणायचे. "शेतात मानसाला चकवा लागतो तवा तो त्याच बांधावर फिरत ऱ्हातो, आनि त्याला वाटता मी सरल चाललोय. तसा प्रेक्षक फिरला पायजे."

मध्यंतरावर तर त्यांचा फार जीव. एकदा आख्ख्या क्लासला घेऊन सीवूड्सच्या मॉलमध्ये सिनेमा बघायला गेले. मध्यंतराला प्रेक्षक एकावर संशय घेऊन बाहेर जातो आणि परत येताना दुसऱ्यावर घेऊन आला पाहिजे, समोसा खाता खाता त्याचं मन फिरलं पाहिजे, हे सर आम्हाला पॉपकॉर्नच्या रांगेत समजावून सांगत होते. आवाज आधीच खणखणीत. बोलता बोलता म्हणाले, "या सिनेमात मारेकरी वकील हाय, लिहून घ्या." रांगेतला एक आडदांड गडी वळला. "ओ काका, तीनशे रुपयांचं तिकीट काढलंय मी!" तो सरांच्या कॉलरलाच हात घालणार होता. कुलकर्णीकाका मध्ये पडले म्हणून वाचले. मारेकरी वकीलच निघाला, हे वेगळं सांगायला नको.

हे कुलकर्णीकाका म्हणजे आमच्या क्लासचे भीष्माचार्य. विमा कंपनीतून निवृत्त, मूळचे पुण्याचे, सरांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवून घेणार. त्यांच्याकडे मी पुन्हा येते. आधी अनंताचं सांगितलं पाहिजे.

अनंता सरांचा धाकटा भाऊ. कळंबोलीला लोखंड बाजारात त्याचा ट्रक तोलायचा वजनकाटा होता. सर त्याच्याशी बोलत नव्हते, त्याच्या दारात जात नव्हते. आमची ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला असेल, लिफ्टमध्ये मी सहज विचारलं, "सर, तुम्हाला भाऊबहीण?" तर लिफ्टचा आकडा बघत म्हणाले, "एक भाऊ हाय. त्यानं माज्या बापाला मारला." तेवढ्यात आमचा मजला आला. मी पिशवी घेऊन तशीच उभी.

पुढे त्यांनीच सगळं सांगितलं, अनेकदा सांगितलं, दर वेळी तेच. विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं. घरं पाडायला सुरुवात झाली होती. तेव्हा एका सकाळी त्यांचे वडील आणि अनंता दोघंच जुन्या घराकडे गेले. घर अर्धं पडलेलं, पण जोतं उंच. वडील जोत्यावरून खाली दगडांवर पडले, डोक्याला मार लागला. अनंताने त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. सर धावत पोचले, तर अनंता बाहेर उभा, दोन्ही तळवे पँटला पुसतोय. एकसारखा पुसतोय. आत वडिलांनी डोळे उघडले, सरांचा हात धरला आणि म्हणाले, "अनंतानी खून..." पुढे बोलता आलं नाही. त्याच दुपारी गेले.

"मरता मानूस खोटा बोलत नाय," सर म्हणायचे. "आनि हात कोन पुसतो? तुमीच सांगा. मी त्याला सगल्यांसमोर इचारला, तूच ढकललास ना? गप ऱ्हायला. निर्दोष मानूस असा गप ऱ्हातो?"

डॉक्टरांनी अपघात म्हणून लिहिलं, पोलिसांनी तेच धरलं. आईने शपथ घातली म्हणून सर चौकीत गेले नाहीत, पण नातेवाइकांत, गावकीत, सगळीकडे सांगत सुटले. अनंताच्या दारातली माणसं कमी झाली. त्याच्या मुलीचं, प्रणालीचं, एक स्थळ म्हणे या बोलण्यामुळेच मोडलं. मला हे ऐकून कसंतरी व्हायचं. पण खरं सांगते, संशय मलाही यायचा. हात का पुसत होता तो? आणि गप्प का बसला? मी अनंताला कधी पाहिलं नव्हतं, तरी मनात त्याचा चेहरा तयार होता, आणि तो चांगला नव्हता.

मी क्लासला जायला लागले त्याच वर्षी प्रणालीचं लग्न पुन्हा ठरलं. वहिनींनी धोशा लावला, आपण गेलंच पाहिजे. घरातला थोरला काका हळदीला नाही म्हणजे नवऱ्याकडचे लोक विचारणार, का नाही? आणि मग जुनं सगळं उकरून निघणार. हेही लग्न मोडलं तर? वहिनी माझ्याकडे येऊन रडल्या. "त्या पोरीनी काय केला वो? हे सोताच्या पुतनीचा वाटोला करनार." मी सरांकडे विषय काढला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ज्याच्या हाताव माज्या बापाचा रक्त हाय, त्याच्या मांडवात मी जेवू?"

आणि त्यानंतरच्या रविवारी कुलकर्णीकाकांनी आपली पटकथा वाचली.

पहिल्या पानावर लोणावळ्याच्या बंगल्यात एका माळ्याचा खून. ठीक. चौथ्या पानावर त्याच बंगल्यात मालकिणीचा खून. माळ्याला का मारलं, कुणी मारलं, त्याचं पुढे काय झालं, काही नाही. माळी मेला तो मेलाच. सर अस्वस्थ व्हायला लागले.

"काका, एक मिनिट. हा माली कशाला मेला?"

"मेला म्हणजे, तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी कवा सांगितला मालीला मारा?"

"माळ्याला असं नाही. पण गेल्या रविवारी तुम्ही चार वेळा सांगितलंत." काकांनी वहीतून वाचून दाखवलं, "रहस्यपटाचा सोपा नियम. आधी खून, मंग खून. हे उलटं केलं तर मजा गेली." मग वहीतून डोकं वर काढून म्हणाले, "आता दोन्ही खूनच आहेत, उलटं केलं काय आणि सुलटं केलं काय, हे मला काही समजलं नव्हतं. पण मी नियम पाळला."

सर असे हसायला लागले की खुर्चीवरून पडायचे बाकी. "अवो काका! खून नाय वो! खून! खून!"

"तेच म्हणतोय मी. खून."

"अवो तसा नाय! ही खून! ओलख पटायची खून!" शेवटी सर उठले, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खूण. त्याच्या खाली, खून. "आधी ही दाखवायची. तुटलेला बटन, चिखलाचा पाय, काय बी. मंग हा. पयली खून, मागून खून."

आमची हसून हसून पुरेवाट. कुलकर्णीकाका तेवढे हसले नाहीत. माणूस पुण्याचा, चूक आपली नाही हे सिद्ध झाल्याशिवाय हसणार कसा? "मग सर, ण म्हणा की स्पष्ट."

"आमच्या बोलीत ण नाय वो. पन आमचा कंदी घोटाला होत नाय. क्रियापदाव ध्यान द्यायचा. खून केली, तं ती. खून केला, तं तो. सोपा हाय."

"पण तुम्ही क्रियापद बोललाच नाहीत ना," काका म्हणाले. "आधी खून, मंग खून. क्रियापद कुठाय यात? मला वाटलं ते मी घातलं."

सर अजून हसतच होते. मग हसू राहिलं चेहऱ्यावर आणि डोळे थांबले. फळ्याकडे वळले. खूण, खून. दोन्हीकडे बघत उभे राहिले. कुणीतरी मागून विचारलं, "सर, पुढे?" त्यांनी खडू खाली ठेवला, म्हणाले, "आज इतकाच," आणि जिना उतरून गेले. चपला घालायचेही विसरले. मीच त्या पिशवीत घालून घरी घेऊन आले.

चपला द्यायला वर गेले तर दार सताड उघडं. घरत सरांचं दार उघडं! मी बाहेरूनच "वहिनी" अशी हाक मारली. सर जमिनीवर बसले होते आणि वहिनी त्यांच्यासमोर.

"मॅडम, तुमी होता ना तिथं," सर म्हणाले. "बाप बोलला, अनंतानी खून. म्होरं काय नाय बोलला. केला बोलला नाय. मी घातला तो. वाक्य बापाचा आनि क्रियापद माजा."

मी आत जाऊन वहिनींजवळ बसले.

वहिनी हळू आवाजात बोलल्या. "मी यांना तेराव्यालाच सांगितला होता. त्या दिवशी सकालच्याला मामंजींनी माज्याकडून चुना मागून नेला. बोलले, आपला उंबऱ्याचा दगड नव्या घरी न्यायचा हाय, मशीनवाले फोडून टाकतील, अनंता त्याच्यावर खून करनार हाय. हे मना काय बोलले? म्हाताऱ्यानी तंबाकूत खायाला नेला असंल!" मग एकदम त्यांचा तोल गेला. "डबाभर चुना तंबाकूत मलतात का वो? इतकी वर्सं रहस्य लिवताव!"

ओला चुना हाताला लागला की हात पोळतो. म्हणून माणूस तळवे पुसत असेल. एकसारखे पुसत असेल. हे तिघांनाही एकाच वेळी सुचलं असावं, कारण कुणीच ते बोललं नाही. सर आपल्या हातांकडे बघत होते. आणि मग त्यांना रडू फुटलं. मी मोठ्या पुरुषमाणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

पण संशयी माणूस तो! डोळे पुसले आणि लगेच म्हणाले, "तरी बी. खून केली असंल, दगडाव चुना लावला असंल. पन बाप पडला कसा? चुना लावून मंग ढकलला नसंल कशावरून?" वहिनींनी अशी नजर टाकली की मीच खाली बघितलं. दगड बघून यावं म्हणावं, तर ते घर, ते जोतं, तो उंबरा, सगळ्यावर भराव पडून आता सपाट जमीन आणि भोवती कुंपण. पुरावा म्हणून काही उरलं नव्हतं.

दोन दिवस वरून पावलांचा आवाज येत राहिला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. सर चक्क दारासमोर उभे. "मॅडम, गाडी हाय ना तुमची? कलंबोलीला सोडाल? टॅक्सीचा तुमाला म्हाईतच हाय."

कळंबोलीला आत शिरलो तर ट्रेलरच्या रांगाच रांगा, लोखंडाच्या सळ्या, धूळ, ड्रायव्हरांच्या शिव्या. काट्यावर एक ट्रक उभा होता आणि केबिनच्या खिडकीशी एक टक्कल पडलेला, जाड भिंगांचा माणूस बसला होता. मी मनात तयार केलेला चेहरा याला कुठूनही बसेना. तरी मी त्याला निरखून बघतच होते, वाण नाही पण गुण लागला होता. याने सरांना पाहिलं. ट्रक काट्यावरून उतरेपर्यंत हा उठला नाही. मग बाहेर आला.

"ये," म्हणाला.

सर म्हणाले, "अनंता, मना बापाचा बोलना समजला नाय."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. अनंताने हाताने थांब म्हणून खूण केली.

"मी लोकांना सांगत फिरलो," सर म्हणाले. "चुकला माजा. लय चुकला."

"लोकांचा जाऊ दे," अनंता म्हणाला. "लोक काय, आज बोलतात, उद्या इसरतात. पन तुला कसा वाटला रं, दादा? तुला?"

सर मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी मान वर केली, आणि मला कळलं की आता ते विचारणार. बाप पडला कसा? त्यांच्या ओठांवर ते आलेलं मला स्पष्ट दिसलं. अनंतालाही दिसलं असावं.

"एक सांगतो," अनंता म्हणाला. "घर तुजाच हाय, येत जा. पन त्या दिवसाचा इचारायचा नाय. आज नाय, कंदीच नाय. इचारलास, तं मी सांगीन, मी काय भीत नाय. पन मंग परत येऊ नको."

मी गाडीच्या दाराला धरून उभी होते. हा माणूस असं का म्हणतोय? लपवायचं आहे म्हणून? की, एवढं झाल्यावर पुन्हा साक्ष देत बसायची त्याची इच्छा नाही म्हणून? मला आजही ठरवता येत नाही. आणि मी तर परकी. सरांचं काय झालं असेल? त्यांनी हात दोनदा उचलला, परत खाली सोडला. मग, अगदी बारीक आवाजात, त्यांनी विचारलं, "हलदीचा मांडव कोन घालतो?"

अनंताने मागच्या ट्रकला काट्यावर यायची खूण केली.

"कोन घालनार?" तो म्हणाला. "घरातला थोरला घालतो."

हळदीच्या दिवशी मला आणि नितीनला बोलावणं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे सोपस्कार चालले होते. दारात बायका धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होत्या, वहिनी नवी नऊवारी नेसून सगळ्यांच्या मध्ये होत्या आणि प्रणाली दोन्ही हात मेंदीने भरून खुर्चीत बसली होती. मांडव डेकोरेटरने उभा केला होता, पण पहिली डहाळी घरच्या माणसाने बांधायची असते. सर डोक्याला टॉवेल गुंडाळून, खांद्यावर आंब्याची डहाळी घेऊन शिडीपाशी उभे होते. शिडी उंच होती, आणि खाली फरशीचे तुकडे पडलेले होते.

"चढ," अनंता म्हणाला. "मी धरतो."

सर पहिल्या पायरीवर थांबले. त्यांनी खाली बघितलं, अनंताच्या हातांकडे, मग चेहऱ्याकडे. ती नजर मी क्लासात अनेक रविवार पाहिलेली. ती काही गेलेली नव्हती. मला वाटलं, आता उतरतात की काय. प्रणालीही बघत होती.

सर वर चढले. एकेक पायरी, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. वर पोचल्यावर त्यांनी बांबूला धरलेला हात सोडला आणि दोन्ही हातांनी डहाळी बांधायला लागले. खाली अनंता दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.